स्ट्राउडला खाली आणायचं

डनमोर, मोंटाना
१८ सप्टेंबर १९८६

प्रिय मारित,

हार्लन उद्या पहाटे खेचरं घेऊन वर निघतोय, म्हणून घाईने लिहिते आहे. माझा ओवेन मांडीवर आहे आणि त्याला पेन हवंय, तेव्हा मध्येच रेघोट्या दिसल्या तर त्या त्याच्या. हे वायरलेसवर बोलता आलं असतं, पण तिथे शिंकलं तरी अख्खं खोरं ऐकतं, आणि ही गोष्ट खोऱ्याने ऐकण्यासारखी नाही.

म्हातारा स्ट्राउड हार्लनबरोबर वर येतोय. तू त्या केबिनवर यंदा नवी, म्हणून सांगते. एव्हरेट स्ट्राउड, वय अठ्ठ्याहत्तर, पुढे-मागे कोणी नाही. दर पानगळीत तुझ्या केबिनच्या वरच्या तळ्याकाठी तंबू ठोकतो आणि एकटाच एल्क हरणांच्या शिकारीला बसतो. मी तिथे सहा हंगाम रेंजर होते. सहाही वर्षं त्याने मला चूल कशी पेटवायची ते शिकवलं. मला ती पहिल्या दिवसापासून येत होती, पण त्याला सांगणार कोण?

आता मुद्द्याचं. हार्लनचा एक रिवाज आहे. माणसाला वर सोडायचं असेल, तर त्याला परत आणायचा दिवस आधी ठरवायचा आणि मगच सामान खेचरावर चढवायचं. दिवस ठरवल्याशिवाय तो कोणालाच नेत नाही. यंदा स्ट्राउड म्हणाला, "आणायला येऊ नकोस, मी माझा येईन." हार्लनने विचारलं, कधी? तर म्हणाला, "बघू." शिवाय आपलं चांगलं खोगीर हार्लनला देऊन टाकलं. का, तर म्हणे घरात अडगळ होते. पोस्टात जाऊन टपाल थांबवायला सांगितलं, आणि पुन्हा सुरू कधी करायचं हेही सांगितलं नाही. हार्लन बिचारा इतका गडबडला की दिवस न ठरवताच माल बांधायला तयार झाला. आता माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वतःला शिव्या घालतोय.

स्पष्टच लिहिते. म्हाताऱ्याच्या मनात यंदा खाली यायचं नाही. त्याला तिथेच राहायचंय, बर्फ पडेपर्यंत आणि पडल्यावरही. मी स्वतः आले असते, पण हे सहा महिन्यांचं गाठोडं सोडून कशी येऊ? तेव्हा हे काम तुझ्या गळ्यात बांधते आहे. खिंड बंद व्हायच्या आत त्याला खाली आण. त्याचा शिकारीचा परवाना नोव्हेंबर संपेपर्यंत आहे, म्हणजे हुकूम तुला करता येणार नाही. आणि केलास तरी तो ऐकेल असं वाटत असेल, तर तू अजून त्याला भेटलेली नाहीस.

तुझी,
डीलिया


ग्रेहॉर्स केबिन
२७ सप्टेंबर

प्रिय डीलिया,

भेटले. तुझ्या म्हाताऱ्याने पहिल्याच भेटीत माझी लाकडाची रास बघितली, मान हलवली आणि अर्धी रास उतरवून पुन्हा रचली. मी कॉफी घेऊन गेले होते, ती निवून गेली. मग म्हणाला, "आता ही हिवाळाभर उभी राहील." हिवाळाभर इथे कोणीच नसणार, हे त्यालाही माहीत आहे. पण वसंतात जो कोणी गारठून दार उघडेल त्याला कोरडं लाकूड मिळायला हवं, असं त्याचं म्हणणं. त्याचं बरोबर आहे, म्हणून मी त्याला एकेक लाकूड हातात देत गेले.

इथे थंडी आता चांगलीच चावायला लागली आहे. सकाळी बादलीतलं पाणी कुऱ्हाडीच्या दांड्याने फोडावं लागतं. अॅस्पेनच्या झाडांची पानं पिवळी होऊन अर्धी गळालीसुद्धा. पहाटे एल्क ओरडतात तेव्हा मी उगाचच ब्लँकेट गुंडाळून पायरीवर येऊन बसते. तू हे सहा वर्षं ऐकलंस आणि मग सोडून लग्न केलंस, म्हणजे रॉयमध्ये काहीतरी असणार.

एक दिवसाआड मी तळ्यावर जाते. सबब कधी शिकाऱ्यांचे परवाने, कधी अस्वलाचा माग. तो मला ओळखून आहे. काल विचारलं, "मिस्टर स्ट्राउड, यंदा उतरायचं कधी?" तो म्हणाला, "तुला घाई आहे का?" मी म्हटलं, मला नाही, बर्फाला आहे. त्यावर हसला. हसला की चांगला दिसतो गं. पण एक गोष्ट मला खटकली. एल्कचा कळप तळ्याच्या पलीकडे पाणी प्यायला आला होता, सहज टप्प्यात. त्याने बंदूक उचललीच नाही. तंबूत बघितलं तर गोळ्यांचा डबा फोडलेलासुद्धा नव्हता.

मी बराच वेळ त्याच्या शेजारी बसले होते. त्याच्याजवळ बसलं की बरं वाटतं, हे मला तुला सांगायचं होतं. म्हणूनच मला भीती वाटते आहे.

मारित


डनमोर
१ ऑक्टोबर

प्रिय मारित,

गोळ्यांचा डबा वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ओवेनला वाटलं आई आपल्यासाठी जागी आहे, त्याची चंगळ झाली.

हार्लनबरोबर हकलबेरीच्या मुरंब्याच्या दोन बरण्या पाठवते आहे. म्हाताऱ्याचा जीव आहे त्यावर. एक दे, आणि सांग की बाकीच्या डीलियाच्या घरी आहेत, खाली येऊन खा. शिवाय सांग, की डीलियाचा मुलगा तुम्हाला अजून भेटायचाय आणि ती चार बोल सुनावेल इतकी चिडली आहे. काहीही सांग. तुझ्या जिभेला हाड नाही असं ऑफिसात सगळे म्हणतात, ते एकदा उपयोगी पडू दे.

आणि हार्लन म्हणत होता, तू एकटीने वरच्या वाटेवरचे दोन पूल दुरुस्त केलेस. मला पत्रात एक अक्षर नाही. मी असते तर तीन पानं लिहिली असती आणि फोटो जोडला असता.

डीलिया


ग्रेहॉर्स
६ ऑक्टोबर

प्रिय डीलिया,

अक्षर बघून घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहिते आहे. शिकाऱ्यांची एक टोळी खाली चालली आहे, त्यांच्याबरोबर हे देते. हार्लनच्या हाती दिलं नसतं, त्याच्या पोटात काही राहत नाही.

गुरुवारी ओढ्यावर पाणी आणायला गेले. दगडावर बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि मला तो दिसला नाही. उजव्या मनगटावर पडले. बहुतेक मोडलंय. फळीचे दोन तुकडे लावून घट्ट बांधलंय, वर मोठा हातमोजा घालते. बोटं हलतात. दुखतं, ते सहन होतं.

ऑफिसला कळवलं नाही आणि तूही कळवायचं नाहीस. कळलं की त्याच दिवशी मला खाली बोलावतील, केबिन बंद होईल, आणि मग स्ट्राउडजवळ वर कोणीच उरणार नाही. तू मला हे काम दिलंस, आता मध्येच काढून घेऊ नकोस.

मुरंबा दिला. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि बरणी मलाच परत दिली. म्हणाला, "तू खा, तुला लागेल." ओवेनचं सांगितलं. म्हणाला, "पोराला माझा आशीर्वाद सांग." आशीर्वाद, डीलिया. हा माणूस सहा वर्षांत तुला साधं 'गुड मॉर्निंग' म्हणाला नव्हता असं तूच सांगायचीस.

त्याला माझ्या हाताचं कळू दिलेलं नाही. कळलं तर उलट मलाच खाली हाकलेल आणि स्वतः निवांत बसेल. आता तोच एक दिवसाआड केबिनवर येतो, चुलीपाशी बसतो, माझं काम कसं चुकतंय ते सांगतो. परवा मी लाकडं फोडत होते तेव्हा बराच वेळ कुंपणापाशी उभा होता. मला वाटलं आता कुऱ्हाड कशी धरायची ते ऐकावं लागणार. पण एक शब्द न बोलता निघून गेला. तब्येत बरी नसावी. चढ चढला की त्याचे ओठ निळे पडतात.

मारित


डनमोर
१० ऑक्टोबर

मारित,

डोकं फिरलंय का तुझं? मोडलेल्या हाताने लाकडं फोडतेस? मी पत्र वाचलं आणि रॉयवर ओरडले, कारण तू समोर नव्हतीस. त्याला अजून कळलेलं नाही त्याचं काय चुकलं.

हार्लन उद्या शेवटची फेरी करतोय. त्याला फक्त इतकंच सांगितलंय की दोघांनाही घेऊन ये. म्हातारा येणार नाही हे मला माहीत आहे. तो येत नाही म्हणून तूही येणार नाहीस, हेही माहीत आहे. तेव्हा ऐक. पुढच्या शनिवारपर्यंत मी मूग गिळून बसेन. शनिवारी तू खाली दिसली नाहीस, तर ऑफिसात जाऊन सगळं सांगेन, मग जन्मभर माझ्याशी बोलू नकोस.

सगळे म्हणतात मोठं वादळ येतंय.

रागावले आहे, पण एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्यानंतर ती केबिन ज्याच्याकडे जाईल त्याचा मला हेवा वाटत होता. नवीन पोरगी, शहरातली, काय टिकणार, असं मी चारचौघांत बोलले होते. ते शब्द मी मागे घेते. तुझ्यासारखं काम माझ्याच्याने झालं नसतं. आता मुकाट्याने खाली ये.

डीलिया


बेकर्स फेरी, बहिणीच्या घरी
२४ ऑक्टोबर

प्रिय डीलिया,

त्या दिवशी पायथ्याला ट्रकपाशी तू मला घट्ट धरून रडत होतीस आणि हार्लन लगेच दवाखान्यात न्यायची घाई करत होता, त्यामुळे काहीच बोलणं झालं नाही. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. आता प्लास्टर आहे. बहीण लिहून घेते आहे आणि मध्ये मध्ये डोळे वटारते आहे.

हार्लन तुझं पत्र देऊन गेला आणि त्याच दिवशी वारा सुटला. असा वारा मी पाहिला नव्हता. केबिनची पत्र्याची चिमणी उडून ओढ्यात पडली. सकाळी पायवाटेवर जाऊन बघते तर झाडंच झाडं आडवी. वायरलेसवर हुकूम आला, सगळ्यांनी शुक्रवारपर्यंत खाली या. मी म्हटलं, वाट मोकळी करत करत येते. तिथेच मला ते सुचलं.

आपल्या राखीव भागात इंजिनाच्या करवतीला बंदी आहे, तुला ठाऊकच आहे. दोघांनी ओढायची ती लांब करवत, तीच वापरायची. मी तळ्यावर गेले आणि म्हटलं, "मिस्टर स्ट्राउड, वाट बंद झाली. झाडं तशीच टाकून गेले तर वसंतात खेचरं वर येणार नाहीत. करवत दोघांची आहे आणि मी एकटी आहे."

तो म्हणाला, "तुझ्या खात्यातली माणसं संपली वाटतं."

"संपली," मी म्हटलं.

त्याने केटलीतलं पाणी शेकोटीवर ओतलं. मग उठला आणि तंबूच्या खुंट्या उपटायला लागला. मी पाठ फिरवली. माझा चेहरा त्याने बघितला असता तर सगळं फिसकटलं असतं.

पहिल्याच झाडाला भांडण. त्या करवतीत ओढायचं तेवढं आपलं काम, परत न्यायचं ते समोरच्याचं. ज्याला धीर नाही तो मध्येच ढकलतो आणि पातं वाकवून ठेवतो. मी धास्तावले होते की एका हाताने माझ्याकडून तेच होणार. पण म्हाताऱ्याने मला उभी होते तिथून हाकललं. "तू पलीकडे जा, इथे उतार आहे, इथे मी उभा राहतो." दर झाडाला तेच, कधी उतार, कधी ऊन डोळ्यांवर येतं म्हणून. त्याच्या या चोचल्यांमुळे दरवेळी माझा डावा हातच पुढे यायचा. माझं नशीब.

आणि तो किती सुंदर ओढतो, डीलिया. वर्षानुवर्षं त्याने करवत धरलेली नसेल. पण पातं लाकडात असं सरसर जायचं की मला फक्त मूठ धरून ठेवावी लागे. कुठे फट आवळायला लागली की तो आवाजावरून ओळखायचा आणि पाचर ठोकायचा. त्याच्या समोर उभं राहून काम करताना मी हात विसरले होते.

त्याचे ओठ निळे दिसले की मी म्हणायचे, दमले. तो म्हणायचा, "हल्लीची पोरं," आणि माझ्याआधी खाली बसायचा. मी दमले म्हणायला माझं काय जात होतं?

चालताना दुसरं भांडण. मला त्याला पुढे ठेवायचं होतं, नजरेसमोर. तो म्हणे, "पुढे तू हो. माझ्या मागून कोणी चाललेलं मला खपत नाही." शेवटी मीच पुढे झाले आणि दर वळणावर मागे वळून बघत राहिले. दरवेळी तो माझ्याकडेच बघत होता. एक रात्र वाटेतल्या मोठ्या स्प्रूसच्या झाडाखाली काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ सुरू झाला तेव्हा शेवटचं झाड राहिलं होतं. ते कापलं आणि खाली तुमचा ट्रक दिसला.

तो मला काय म्हणाला माहीत आहे? "करवतीला तेल लावून ठेव." बस. मागे न बघता गेला.

पण खाली आला. शेवटपर्यंत त्याला माझ्या हाताचं कळलं नाही, आणि मी त्याला उतरवते आहे हेही कळलं नाही. त्याला कळू देऊ नकोस. घरी एकटा आहे, अधूनमधून जाऊन येत जा. मला आता काळजी आहे ती पुढची. डोंगरावरून खाली आणता येतं, पण त्यानंतर काय करायचं ते मला माहीत नाही.

मारित


डनमोर
३१ ऑक्टोबर

मारित,

पत्ता डीलियाकडून घेतला. तिने तुझं पत्रही वाचून दाखवलं. मला कळू देऊ नकोस म्हणून लिहिलं होतंस तो भागसुद्धा. तिला बोलू नकोस, मीच तिच्या दारात बसून राहिलो होतो.

मला लिहायची सवय नाही, तेव्हा सरळ सांगतो. तुझा हात मोडलाय हे मला तू डाव्या हाताने कॉफी ओतलीस तेव्हाच कळलं. हातमोजा घालून घरात कोण बसतं?

मी वर आलो होतो तो खाली यायला नाही. तुम्ही दोघींनी ते ओळखलंत, आता लपवून काय उपयोग? उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, डोंगर बंद. मी म्हटलं, डोंगर बंद, तर चालू काय ठेवायचं? तळ्याकाठी मला बरं वाटत होतं. घाबरलो नव्हतो. तू येऊन बसायचीस तेव्हा तर चांगलंच वाटायचं.

मग त्या दिवशी तू लाकडं फोडत होतीस. ओंडका पायाने दाबून, एका हाताने. एकदा कुऱ्हाड निसटून तुझ्या बुटापाशी रुतली. तू ती उपसलीस आणि पुन्हा उगारलीस. मी कुंपणापाशी उभा होतो. मला तेव्हा कळलं की मी जिवंत आहे तोवर ही पोरगी इथून हलणार नाही. आणि मी गेलो तर मला शोधून खाली न्यायला हीच येणार, बर्फातून, त्या हाताने. कसाही विचार केला तरी मरायची तूच.

मला राग आला. एवढ्या वर्षांनी निवांत जागा सापडली होती आणि तिथे तू येऊन बसलीस. पण तुला खाली न्यायचं ठरवलं. नेणार कसं? जा म्हटलं तर तू गेली नसतीस. मी निमित्त शोधत होतो तेवढ्यात वारा सुटला आणि तू करवतीचं घेऊन आलीस. मला वाटलं, बरं झालं, हिलाच सुचलं. उतार, ऊन वगैरे खोटं होतं. डोळ्यांवर ऊन कुठून येणार, आभाळ भरलेलं होतं.

दुसरं झाड कापताना माझी छाती भरून आली आणि तू म्हणालीस, दमले. मी तुझ्याकडे बघितलं. तू अजिबात दमलेली नव्हतीस. तेव्हा मला कळलं की कोण कोणाला उतरवतंय. त्यानंतर मी तो विचार सोडून दिला आणि नुसता ओढत राहिलो.

मी खूप रेंजर बघितलेत. चांगलेही बघितलेत. तुझ्यासारखी बघितली नाही. हे मी एकदाच लिहितो आहे, पुन्हा विचारू नकोस.

आता पंचाईत अशी की मी खाली आहे. घरात सरपण नाही, पीठ नाही, कारण हा हिवाळा धरलाच नव्हता. काल दिवसभर लाकडं भरली. डीलियाचं पोर आणून माझ्या मांडीवर ठेवलं होतं, त्याने शर्ट खराब केला.

डीलिया म्हणत होती, मंगळवारी शहरात तुझा हात पुन्हा तपासणार आहेत आणि तू बसने जाणार आहेस. या रस्त्यावर बर्फात बसने जायचं नाही. मी ट्रक घेऊन सकाळी सातला दारात येईन. डॉक्टर त्याच्या पुढच्या मंगळवारीही बोलावतील, तेव्हाही येईन.

एव्हरेट स्ट्राउड